तांब्यावरची रेघ



गेल्या अंकात बँकेतील ठेवींच्या नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. ते वाचून एका भगिनीने विचारले, "खात्यावर नाव कसे लावायचे ते समजले. पण घरच्या भांड्यांवर जी नावे कोरलेली असतात, त्यांवरून हक्क कोणाचा ठरतो?" त्यांनी सहज विचारले होते, मला मात्र सहज उत्तर देता आले नाही. या प्रश्नाशी माझी पंधरा वर्षे गुंतलेली होती, आणि त्यांतील शेवटची दीड वर्षे मी धातूवर हाताने अक्षर कोरायला शिकण्यात घालवली. पर्युषण पर्व तोंडावर आले आहे. हा हिशेब वाचकांपुढे मांडण्यास हीच वेळ योग्य वाटते.

आपल्या प्रत्येकाच्या घरी माळ्यावर तांब्यापितळेची काही भांडी असतातच. परात, कळशी, डबे, घंगाळ. पूर्वी लग्नात मुलीला दिलेल्या भांड्यावर नाव घालून देण्याची रीत होती. 'चि. सौ. कां.' असा आरंभ, पुढे मुलीचे नाव, मग देणाऱ्याचे नाव आणि जागा उरली तर तारीख. नाव घालणारा कारागीर अक्षरावर पैसे घेई, त्यामुळे आपल्या व्यापारी घरांत अक्षरांचीही काटकसर होत असे. 'यांजकडून' हा शब्द महाग म्हणून तो गाळला जाई आणि गावाचे नाव पहिल्या अक्षरावर भागवले जाई. स्थानकातल्या पातेल्यांवर 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ' एवढेच असे. हे सारे लेखन दिल्याचे होते. घेतल्याचे लेखन कोणी भांड्यावर करीत नसे. ही गोष्ट मला उशिरा कळली.

आमचे सायखेडा निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी. पूल ओलांडला की चांदोरी. वर गंगापूर धरण, खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा. त्यामुळे पावसाळ्यात नदी फुगली की पाणी प्रथम आमच्या दोन गावांचा समाचार घेते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये पूर आला आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये आला. या दुसऱ्या पुरात बाजारपेठेच्या उतारावरील आमच्या जुन्या घरात पाणी शिरले. ते ओसरल्यावर गल्लीत चिखलातून भांडी निघू लागली. कोणाची परात कोणाच्या ओट्याखाली, कोणाची कळशी कोणाच्या मोरीत. शेजारच्या मुलांनी ती धुऊन एका ओट्यावर मांडली आणि माणसे काठावरची नावे वाचून आपापली भांडी नेऊ लागली.

त्यांत एक तांब्याचे मोठे घंगाळ होते. एका मुलाने काठ पुसून मोठ्याने वाचले. प्रथम माझ्या आईचे नाव, आणि त्याच्या उजवीकडे माझे. "काका, हे तुमचं," असे म्हणून त्याने ते माझ्यापुढे ठेवले. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, तेव्हा चार पावलांवर उभे होते. त्यांनी ऐकले आणि काही न बोलता आपल्या घराकडे वळले.

येथे थोडे मागे जावे लागेल. त्याआधी दहा वर्षांपूर्वी आम्हा दोघा भावांची वाटणी झाली होती. दुकान, घर, शेत, दागिने यांची यादी मीच केली. बँकेतला माणूस म्हणून घरात माझ्या यादीवर विश्वास होता आणि सर्व काही अर्ध्या दिवसात शांतपणे पार पडले. शेवटी एक घंगाळ राहिले. ते आईच्या वडिलांनी तिच्या लग्नात दिलेले. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचे पाणी त्यातच काढले जाई. आईने ते मला दिले, असे मी म्हणालो. तसे ती एकदा बोलली होतीही. मोठ्याच्या घरी राहू दे, असे दादा म्हणाले. शब्दाने शब्द वाढला. घंगाळ मी त्याच रात्री उचलून आणले. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावले असते. त्याच आठवड्यात मी ते यंत्रावर नेले आणि आईच्या नावाशेजारी माझे नाव घालून घेतले. पुराव्याची सवय नोकरीत अंगात भिनली होती. दादांना कळले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "नाव घातलंस? बरं केलंस." त्यानंतर आमचे बोलणे थांबले. दर संवत्सरीला दोन्ही घरांतून छापील क्षमापनापत्र मात्र न चुकता येत-जात राहिले.

पुराच्या त्या सकाळी गल्लीत माझे नाव मोठ्याने वाचले गेले तेव्हा मला प्रथमच त्या नावाची लाज वाटली. पुढे मी सेवानिवृत्त झालो. हाताशी वेळ आला, आणि ते नाव खोडून टाकावे असे मनाने घेतले. चौकशी करता समजले, की नाशिकच्या भांडी बाजारात चाळीस वर्षे नावे घालणारे एक वृद्ध कासार आमच्या जवळच्याच एका खेड्यात मुलाकडे राहतात. त्यांच्याकडे घंगाळ घेऊन गेलो. सगळे त्यांना बाबा म्हणत. मीही बाबाच म्हणू लागलो.

बाबांनी काठावरून अंगठा फिरवला, खालूनही चाचपले. म्हणाले, "घासून निघेल साहेब. पण काठ इथं पातळ होईल आणि पुढे इथूनच फाटेल. शेजारी आईसाहेबांचं नाव आहे, त्यालाही धक्का लागेल."

"मग काय करावे?"

"खोडू नका. पुढं लिहा."

"मग तुम्हीच लिहून द्या. दादांचे नाव घालायचे आहे."

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते. "यंत्रावर न्या," ते म्हणाले, "नाहीतर शिका."

यंत्रावर एकदा नेल्याचे फळ मी भोगत होतो. म्हणून शिकायचे ठरवले.

वाचकांपैकी कोणाला, विशेषतः निवृत्त बंधूंना, ही विद्या शिकावीशी वाटली तर उपयोग व्हावा म्हणून तिची थोडी माहिती देतो. धातूवर हाताने अक्षर उमटवण्याच्या तीन रीती मी पाहिल्या. पहिली टोच्याची. पोलादी टोच्यावर हलकी हातोडी मारीत टिंबाशेजारी टिंब पाडत जायचे. आपल्या घरांतील बहुतेक जुनी नावे अशीच टिंबाटिंबांची आहेत. यात धातू निघत नाही, फक्त दबतो. दुसरी रीत छिन्नीची. बारीक छिन्नी किंचित तिरपी धरून हातोडीच्या ठोक्यांनी तिला रेघेवरून चालवत न्यायचे. तिसरी कोरणीची. हिला बाबा कलम म्हणत. पोलादाची बोटभर काडी, टोक तिरपे घासलेले, मागे तळहातात बसणारी लाकडी मूठ. हातोडी नाही. तळहाताने ती पुढे ढकलायची, म्हणजे तिच्या टोकापुढे धातूची केसासारखी बारीक तार निघते आणि मागे चकाकणारी रेघ राहते. बाबांनी पहिली रीत मला चार दिवसांत शिकवली. तिसरीला दीड वर्ष लागले.

पहिला महिना मी कोरलेच नाही, नुसती धार लावली. कोरणीचे टोक तेलाच्या दगडावर एकाच कोनात घासायचे असते. पितळ-तांब्यासाठी तो कोन सुमारे ४५ अंशांचा ठेवावा. हात जरा डुलला, की टोकाला एकाऐवजी दोन पैलू पडतात आणि सारे पुन्हा करावे लागते. धार लागली की नाही, हे पाहण्याची बाबांची खूण सोपी होती. टोक अंगठ्याच्या नखावर हलके टेकवायचे. रुतले तर धार आहे, घसरले तर नाही. माझे पंधरा दिवस घसरतच होते. "धार नसली की माणूस जोर लावतो," बाबा म्हणत, "आणि जोर लावला की घसरतो." बोथट कोरणीने एकदा माझ्या डाव्या अंगठ्यात बरीच खोल जखम केली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. तेव्हापासून उजव्या हाताचा अंगठा पत्र्यावर टेकवून त्याचाच लगाम करायचा आणि डावा हात कोरणीच्या वाटेत कधीच आणायचा नाही, हे नियम मी वहीत लिहून ठेवले. डोळ्यांवर चष्मा हवाच, तार उडते.

साहित्याच्या बाबतीत दोन ठिकाणी मला अडचण आली, ती आपल्या वाचकांना समजेल. कोरायचा पत्रा हलू नये म्हणून तो वाळू भरलेल्या चामड्याच्या पिशवीवर ठेवतात. शिवाय लहान तुकडा लाखेत बसवतात. चामडे मला नको होते. आणि लाख ही तर कीटकांपासून मिळते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य स्पष्टपणे सांगितले आहे. बाबांनी यात काही अवघड मानले नाही. जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घेतली, आणि लाखेच्या जागी राळ, विटेची चाळलेली पूड व थोडे तेल एकत्र तापवून त्यात पत्रा बसवला. राळ थंड झाली की पत्रा घट्ट धरते आणि पुन्हा तापवली की सोडते. काम तितकेच चांगले होते.

दुसऱ्या महिन्यापासून पितळी पत्र्यावर रेघा सुरू झाल्या. सरळ रेघा, समांतर रेघा, मग कमानी. पितळ नवशिक्याला बरे, कारण ते स्वच्छ कापले जाते. तांबे मऊ म्हणून सोपे असेल, असे मला वाटले होते. प्रत्यक्षात ते चिकट असते. कोरणीला धरून ठेवते आणि मध्येच सोडते. तेलाचे बोट लावावे लागते, धार वरचेवर पाहावी लागते. कोरणी फार उभी धरली तर टोक आत घुसून अडकते. फार आडवी धरली तर पृष्ठभागावरून सुटते आणि नको तिथे लांब ओरखडा ओढते. त्या दोहोंमधली जागा पुस्तकातून सांगता येणार नाही, ती तळहाताला सापडावी लागते.

आणखी एक गोष्ट शिकण्यास मला सर्वांत जास्त वेळ लागला. वळण घेताना कोरणी वळवायची नसते. उजवा हात जिथल्या तिथे स्थिर ठेवून डाव्या हाताने खालची पिशवी, पत्र्यासकट, हळूहळू फिरवायची असते. चाळीस वर्षे सह्या करताना माझा हात वळत आला होता आणि कागद स्थिर होता. आता ते उलटे करायचे होते. 'ग', 'म', 'भ' ही उभ्या दांड्यांची अक्षरे लवकर जमली. 'क' आणि 'ल' यांच्या पोटातली वळणे महिनोन्महिने चौकोनी येत राहिली. शिरोरेघ शेवटी, हा बाबांचा दंडक. मी एकदा सवयीने ती आधी कोरली तेव्हा त्यांनी कोरणी काढून घेतली. "आधी अक्षरं आपापल्या जागी बसू देत. मग वरून एक रेघ सगळ्यांना धरून नेते."

मी रोजची नोंद ठेवीत असे. तारीख, किती वेळ बसलो, किती अक्षरे, किती वेळा घसरलो. सहा महिन्यांनी बाबांनी ती वही पाहिली, आणि चुकलेल्या तुकड्यांचा डबाही पाहिला. मी त्यांना म्हणालो, "बाबा, कागदावर खोडता तरी येते. इथे तेही नाही." म्हणताक्षणीच माझ्या लक्षात आले, की मी चुकीचे बोलतो आहे. बँकेच्या खातेवहीतही खोडायला परवानगी नव्हती. रबर आणि ब्लेड दोन्ही निषिद्ध. चुकलेला आकडा एका सरळ रेघेने असा कापायचा, की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि अधिकाऱ्याने शेजारी सही करायची. रक्कम भलत्याच खात्यात पडली असेल तर उलट नोंद करायची. मूळ नोंद जागेवरच राही. खाडाखोड दिसली की तपासणीस लगेच विचारी, इथे काय लपवले? आपल्या वाडवडिलांच्या वह्यांतही हाच शिरस्ता होता. आयुष्यभर इतरांकडून हा नियम पाळून घेतला, आणि स्वतःच्या घरातली एक चूक मात्र घासून काढायला मी कारागिराकडे गेलो होतो. बाबांचे 'खोडू नका, पुढे लिहा' हे शब्द मला तेव्हा खऱ्या अर्थाने कळले.

या शिक्षणाच्या काळात मी एकदा पांडवलेणी पाहून आलो. नाशिककर असूनही पूर्वी मी ती सहलीच्या नजरेने पाहिली होती. या वेळी तेथील दहाव्या लेण्यातील एका कोरीव लेखापुढे बराच वेळ उभा राहिलो. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा तो लेख, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ही रक्कम गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली होती. एकीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, व्याजच खर्च करायचे. वर्षावासात तेथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. ही सारी व्यवस्था निगमसभेत नोंदवली गेल्याचाही उल्लेख त्यात आहे.

सवयीने मी मनातल्या मनात आकडेमोड केली. २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, तेही २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. एकोणीस शतके लोटली. त्या श्रेणी गेल्या, ते राजे गेले, मुद्दलही गेले. जमाखर्च मात्र कातळावर अजून बरोबर आहे. इतक्या श्रमाने कोरायला त्या माणसाने काय निवडले? आपण काय दिले, आणि ते कोणाला, कसे पोहोचावे, हे.

श्रवणबेळगोळचेही तसेच. २०१८ च्या महामस्तकाभिषेकाच्या वर्षी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. गोमटेश्वराची ती सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस घडवून घेतली. मूर्तीच्या पायाशी नागरी लिपीत कोरलेले 'श्रीचावुंडराजें करवियलें' हे वाक्य मराठीच्या अगदी जुन्या कोरीव वाक्यांत गणले जाते. त्याच्याबरोबरच्या दुसऱ्या वाक्यात गंगराजाने भोवतीचे आवार करवून घेतल्याची नोंद आहे. आपली मायबोली कन्नड प्रदेशात, एका जिनमूर्तीच्या पायाशी कोरलेली आहे, याचा अभिमान आपणा सर्वांना आहेच. मला मात्र आता त्यातील क्रियापद दिसते. 'करवियलें', म्हणजे करविले. पांडवलेण्यात दिले, येथे करविले. माझ्या घंगाळावर मी जे कोरवून घेतले होते त्याचे क्रियापद काय होते? 'घेतले'.

त्याच चातुर्मासात आमच्या स्थानकात एका महासतीजींचे कषायांवर व्याख्यान झाले. क्रोधाचे चार प्रकार आणि त्यांना शास्त्राने दिलेली चार रेघांची उपमा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. संज्वलन क्रोध पाण्यावरच्या रेघेसारखा, ओढता ओढताच मिटणारा. प्रत्याख्यानावरण वाळूतल्या रेघेसारखा. वारा आला की बुजतो. अप्रत्याख्यानावरण भुईला पडलेल्या भेगेसारखा. पाऊस पडल्यावर भरून येतो. आणि अनंतानुबंधी पर्वताला पडलेल्या भेगेसारखा. कर्मग्रंथांत यांच्या मुदतीही सांगितल्या आहेत: एक पक्ष, चार महिने, एक वर्ष, आणि जन्मभर. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमण याच मुदतींशी जुळते, असे महासतीजींनी सांगितले. वर्ष उलटू देऊ नये, यासाठी संवत्सरी.

मुदत हा शब्द बँकेत मी हजारो वेळा वापरला. मुदत टळली की काय होते, हे मला कोणी सांगायला नको होते. माझ्या क्रोधाच्या पंधरा मुदती टळत आल्या होत्या, आणि दर वर्षी मी छापील पत्र पाठवून तेच कर्ज नूतनीकरण करीत होतो.

गेल्या वर्षी श्रावणात बाबांनी मला घंगाळाला हात लावू दिला. माझी एक शंका उरली होती. दादा थोरले, त्यांचे नाव माझ्या नावानंतर, शेवटी कसे घालायचे? बाबांनी घंगाळ आपल्याकडे ओढून काठावर बोट फिरवले. "काठ गोल आहे साहेब. आईसाहेबांच्या डाव्या अंगाला जागा मोकळी आहे. तिकडून लिहा, म्हणजे वाचताना दादांचं नाव आधी येतं, मग आईसाहेबांचं, मग तुमचं." इतक्या वर्षांत ती मोकळी जागा मला दिसली नव्हती.

काठाखाली लाकडी ठोकळ्याचा आधार दिला. जागेवर पांढरा रंग हलका चोळून पेन्सिलीने अक्षरे आखली. तेव्हा आईच्या नावाकडे जवळून पाहिले. ते टिंबाटिंबांचे, आणि साठ-पासष्ट वर्षांच्या चिंच-मिठाच्या घासण्याने पुसट झालेले. बोटाने मात्र सहज वाचता येत होते. रोज वापरात असलेले नाव असेच व्हायचे. माझे यंत्रावरचे नाव नव्यासारखे टोचत होते, कारण ते आल्यापासून घंगाळ माळ्यावरच होते.

दादांच्या नावात अक्षरे चारच आहेत. त्यांना तीन दिवस लागले. चौथे अक्षर 'ल'. त्याच्या पोटातल्या दुसऱ्या वळणावर तांब्याने कोरणी धरली आणि एकदम सोडली. उजवीकडे, आईच्या नावाच्या दिशेने, गव्हाच्या दाण्याएवढा ओरखडा उठला. मी हात खाली ठेवले. बाबा खिडकीजवळ बसले होते. त्यांनी आवाजावरून ओळखले. "घसरली? असू द्या. वळण पुरं करा. अर्धं सोडू नका." वळण पुरे केले. मग शिरोरेघ ओढली.

संवत्सरीच्या प्रतिक्रमणानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी घंगाळ घेऊन दादांच्या दारात गेलो. छापील पत्र नेले नाही. काय बोलायचे ते रात्रभर ठरवले होते, त्यातले काही आठवले नाही. "दादा, मिच्छामि दुक्कडं," एवढेच निघाले. त्यांनी घंगाळ ओट्यावर उजेडात ठेवले, चष्मा लावला आणि काठ वाचला. मग चष्मा काढून बोटाने पुन्हा वाचला. बोट त्या 'ल'पाशी थांबले.

"हे यंत्राचं नाही," ते म्हणाले.

"नाही. मी कोरलं."

"दिसतंच आहे. शाळेतही तुझा 'ल' असाच वाकडा यायचा."

वहिनींनी आतून पाण्याचे तांबे आणले. आम्ही बसलो. दुकानाविषयी, गुडघेदुखीविषयी, कांद्याच्या भावाविषयी बोललो. वाटणीविषयी कोणी काही बोलले नाही. पंधरा वर्षांचे अंतर एका सकाळीत भरून येते, असे मी लिहिणार नाही. ते खरे होणार नाही. अजूनही काही विषय आले की आम्ही दोघे जपून बोलतो. निघताना मी घंगाळ तेथेच ठेवून उठलो. दादांनी दारापर्यंत येऊन एवढेच म्हटले, "दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला सगळ्यांना घेऊन ये."

गेलो. नातवंडांनी पाणी कोणी आधी घ्यायचे यावरून घंगाळाभोवती भांडण केले आणि ते मिनिटभरात विसरलीही. पाण्यावरची रेघ कशी असते, ते पाहायला मिळाले.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाचे उत्तर. भांड्यावरील नावाने कायद्याचा हक्क ठरत नाही. कोणी दिले आणि कोणाची आठवण ठेवावी, एवढे ते सांगते. म्हणून एक विनंती. जुनी भांडी मोडीत घालण्यापूर्वी त्यांचे काठ एकदा वाचावेत. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून कोणते भांडे कोणाकडून आले, हे एका वहीत लिहून ठेवावे; वाटणीच्या वेळी यादीपेक्षा ही वही अधिक उपयोगी पडेल. नावे घासून काढू नयेत. शक्य असेल तर माळ्यावरून काढून वापरात आणावीत. घरातील एखाद्या मुलाला वा मुलीला हाताच्या कामाची आवड असेल, तर गावातल्या वृद्ध कारागिरांकडे चार दिवस जरूर पाठवावे. असे हात आता फार थोडे उरले आहेत. बाबा स्वतः आता कोरू शकत नाहीत, पण समोर बसून चुका सांगू शकतात, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. मी अजूनही आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे जातो. 'ल' अजून पुरता जमलेला नाही.

या स्तंभातील माझ्या कोणत्याही अक्षराने वर्षभरात कोणाचे मन दुखावले असेल, तर अंतःकरणपूर्वक मिच्छामि दुक्कडं.